गुलाल पुढे का गेला नाही

"पागेत धडधाकट माणसं लागतात, लंगडी नाही!" राजे गरजले. "उद्या खोली रिकामी करा!"

समोर येसू हात जोडून उभी होती. हात जोडलेले, पण मान काही खाली नव्हती. तिचा नवरा सटवाजी राजांच्या गुलाल घोड्याचा मोतद्दार. घोड्याला खरारा करायचा, चाल शिकवायची आणि स्वारी निघाली की त्याच्यापुढे धावायचं, हे त्याचं काम. दिवाळीच्या आधी, सगळे नको नको म्हणत असताना, राजांनी घोडा ओढ्यावरून उडवला. घोडा कोसळला. राजांना ओढून बाहेर काढताना सटवाजी स्वतःच त्याच्याखाली सापडला. राजांना साधं खरचटलंही नाही. घोड्याचा गुडघा दुखावला, तर राजवैद्य धावत आले, शेक झाला, लेप झाला, तूप-गूळ झाला. सटवाजीचा पाय मोडला, तर त्याला सांगितलं, "आराम कर." आणि आराम करतोय म्हणून त्याचा शिधा बंद केला! आता बोला!

हाड कसंबसं सांधलं, तेही वाकडं. काठीशिवाय पाऊल पडेना.

"सरकार, तो पाय तुम्हाला वाचवताना मोडला," येसू म्हणाली.

"मग? आम्ही का मोड म्हणालो?" राजे म्हणाले. "बरं, आम्ही काही अन्यायी नाही. उद्या सकाळी त्यानं आमच्या घोड्यापुढे धावावं, वाड्यापासून घाटावरच्या देवळापर्यंत. घोडा मागे राहिला तर नोकरी त्याची. घोडा पुढे गेला तर गाशा गुंडाळा!"

दरबारी खो खो हसले. येसूच्या मनात आलं, खोली गेली तर या माणसाला घेऊन जायचं कुठं? पण तिनं पदर सावरला.

"कबूल, सरकार. फक्त घोडा गुलालच हवा, आणि वर तुम्ही स्वतः. हरायचंच, तर तुमच्याकडूनच हरू!"

राजांना हे फार आवडलं. "मंजूर!"

घरी सटवाजीनं कपाळाला हात लावला. "अगं, वेड लागलं का तुला? मी धावणार?"

"धावताय कशाला?" येसू भाकरी थापत म्हणाली. "चाला की."

सकाळी नगारा वाजला. सटवाजी काठी टेकत निघाला. मागे राजांनी जरीचा फेटा सावरला आणि गुलालला टाच मारली. गुलाल झपकन पुढे आला, सटवाजीच्या पाठीशी पोचला आणि चालायला लागला. अगदी हळू.

राजांनी पुन्हा टाच मारली. गुलालनं कान हलवले. लगाम ढिला सोडला, चुचकारलं, ओरडून पाहिलं. सटवाजी थांबला की गुलाल थांबे, सटवाजी निघाला की गुलाल निघे.

बाजारपेठेत लोक दारात आले. फेटा, घोडा, नगारा आणि ही गोगलगाईची चाल! एका म्हातारीला धड दिसत नव्हतं. तिनं तांदूळ उधळून विचारलं, "वरात कुणाची गं? नवरा जरा थोराड वाटतो!"

राजांच्या मिशांत तांदूळ अडकले होते.

उन्हं चढल्यावर वरात देवळाशी पोचली. आधी सटवाजी, मग गुलाल. येसू पायरीवर बसलेली होती.

"काय जादू केलीस माझ्या घोड्यावर?" राजे खाली उतरत ओरडले.

"जादू कसली, सरकार? मोतद्दाराच्या पुढं जायचं नाही, हे यांनीच शिकवलंय त्याला. खूश होऊन तुम्हीच तर यांना शेला दिला होता!"

राजांनी डोकं खाजवलं. आठवलं खरं. "पण एवढं हळू? मोतद्दार लंगडतोय, हे या जनावराला दिसत नाही?"

"दिसतंय की, सरकार! म्हणून तर हळू चालला. अख्ख्या पागेत त्याला एकट्यालाच दिसलं!"

राजांनी गुलालकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मिशीतला तांदूळ काढून पाहिला, आणि पोट धरून हसत सुटले.

"हरलो, बाई, हरलो! नोकरी त्याची, शिधाही त्याचा. धावायला दुसरा गडी ठेवू, यानं बसून शिंगरं शिकवावीत. तुला आणखी काय हवं ते माग!"

"जास्त काही नको, सरकार. पाय दुखावल्यावर घोड्याला जे जे मिळालं, तेवढंच यांना द्या."

राजांचा हुकूम म्हणजे हुकूम! त्याच दिवशी राजवैद्य दारात हजर झाले. शेक आला, लेप आला, तूप-गूळ आला. मागोमाग पागेतून गुलालइतकीच चंदीही आली, पोतंभर हरभरे.

येसूनं ते भिजत घातले आणि सगळ्या पागेला उसळ खाऊ घातली.