शालीचा मान

मालिकेतला आदर्श नवरा साकारणाऱ्या शैलेंद्र कारखानीसचा सत्कार करायला विट्याच्या सुशीलाबाई थोरात शाल घेऊन सेटवर आल्या. सहा वर्षं त्या आपल्या मुलाला त्याचंच उदाहरण देत होत्या.

आत पाऊल टाकलं, तर शैलेंद्र नायिकेवर, मृद्गंधावर, ओरडत होता. “माझ्यासमोर उभं राहायचीही तुझी लायकी नाही,” असं म्हणत त्याने तिच्या हातातले संवादांचे कागद भिरकावले. ती मुकाट्याने वाकून ते गोळा करू लागली. सुशीलाबाई दारातच थांबल्या.

त्यांना पाहताच शैलेंद्र गोड हसला. “मावशी, मनावर घेऊ नका. मालिकेत बघता ना, मी हिला किती जपतो ते.”

“मालिकेतलं ते बोलणं तुम्हाला सुचतं?” सुशीलाबाईंनी कसंबसं विचारलं.

“छे, ते आमच्या लेखिका शर्वरीताई लिहून देतात,” त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

“आणि आत्ताचं?”

शैलेंद्रने नजर वळवली.

“म्हणजे हे तेवढं तुमचं स्वतःचं,” त्या म्हणाल्या. “मग शाल त्यांची.” आणि कोपऱ्यात बसलेल्या शर्वरीच्या खांद्यांवर त्यांनी ती घातली.

पुढच्या प्रसंगात शैलेंद्रला मालिकेतल्या बायकोला, मृद्गंधाला, विचारायचं होतं, ‘तुला कुणी दुखावलं का गं?’ पाच वेळा कॅमेरा सुरू झाला, पण ते वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना.