बगळ्याच्या स्थळाचा फोटो

पाखरंही लग्न जमवायला फोटो धाडत, त्या काळची गोष्ट. मिठागरात एक डिजिटल कॅमेरा राहायचा. एक लग्नाळू बगळा मिठाच्या पांढऱ्या ढिगापुढे ऐटीत उभा राहिला. कॅमेऱ्याने पोटातल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरला विचारलं. मीटर ओरडला, "एवढं पांढरं कुठे असतं का? उजेड फार झालाय, कमी कर!" कॅमेऱ्याने केला आणि फोटो काढला.

मुलीकडून फोटो परत आला. सोबत निरोप होता, "आम्ही बगळा मागितला होता. हा राखेत लोळलेला कोण? उद्यापर्यंत खरा फोटो द्या, नाहीतर दुसरं स्थळ बघतो."

बगळा तणतणत आला. "अरे ठोंब्या, माझं लग्न मोडतोस काय?"

कॅमेरा गोंधळला. "पण मीटरचा काटा बरोबर मधोमध होता हो!"

"त्याने उजेड मोजला. मला बघितलं कुणी? वाढव उजेड!"

कॅमेऱ्याने भीतभीत उजेड काट्याच्या दोन घरांनी वाढवला. मीटर "चुकलं, चुकलं" म्हणून बोंबलत राहिला. बगळा मात्र फोटोत मिठाइतका पांढरा आला, आणि फोटो चोचीत धरून मुलीकडे उडाला.

कॅमेरा अजून तिथेच विचार करत बसलाय. मीटर खोटं बोलला नव्हता, मग चुकलं कोण?