टिक्कारावांचा पाहुणचार

बियाणे पेरणीचा दिवस स्वतःच ठरवत असे, त्या काळची ही गोष्ट. एका पोत्यात उपट्या, म्हणजे उभट वाढणाऱ्या, भुईमुगाच्या दोन बहिणी राहत. पावसानंतर जमिनीला पेरणीजोगा वाफसा येताच थोरली शेतात उतरली. धाकटी पोत्यातच लोळत राहिली.

"शेजारच्या पसऱ्या भुईमुगाच्या पसरीकाकू गेल्या वर्षी महिनाभर उशिरा उतरल्या, त्यांचं काही बिघडलं?" ती म्हणाली.

"अगं, त्यांचं वाण निराळं, पान चिवट. आपलं नाजूक."

"पान ते पान!" म्हणत धाकटी सवडीने उगवली.

झडीच्या दिवसांत तिच्या शेंगा जेमतेम धरल्या, तोच टिक्काराव नावाची बुरशी छत्री मिटून दारात हजर झाली. टिक्काराव पानावर काळसर ठिपका ठेवत, पान गळे, आणि ते अदबीने आभार मानत.

"थांबा हो, दाणे भरायचेत! पानांशिवाय कशावर भरू?"

"बरं, शेजारी जाऊन येतो."

पसरीकाकूंची चिवट पाने चघळून टिक्कारावांचा जबडा दुखला. थोरली मात्र हसून म्हणाली, "या, हवी तेवढी पानं न्या. माझा स्वयंपाक उरकला. शेंगा भरल्या."

टिक्काराव परतले.

"पोट भरलं ना?" धाकटीने आशेने विचारले.

"छे, नुसता नाश्ता झाला."

धाकटीने मातीखालच्या पोचट शेंगा चाचपल्या आणि उरलेले एकुलते पान पुढे केले.