इटुकलीचं घुंगरू आणि ढिलं पातं

लोखंडाच्या कारखान्यात राहायची एक उंदरीण. नाव इटुकली. पायात एक घुंगरू. चालली की वाजायचं, छुम छुम!

एका सकाळी घुंगरू सुटलं. गडगड गडगड गेलं. लांब लोखंडी नळीत शिरलं आणि मधेच अडकलं. इटुकलीला रडू आलं. छुम छुम नाही, तर इटुकली कसली?

"नळी नळी, घुंगरू दे!"

नळी म्हणाली, "करवत मला कापेल, तर देईन."

इटुकली निघाली टुणुक टुणुक. भेटली यंत्राची करवत.

"करवती करवती, नळी काप! नळी घुंगरू देईना, छुम छुम काही वाजेना!"

करवत म्हणाली, "पातं ताठ होईल, तर कापीन."

पातं म्हणजे लांब पट्टी, बारीक दातांची. यंत्र चालवायची हौसामावशी. काम संपलं, की ती पातं ढिलं करायची. ताणून ताणून पातं दमतं ना! सकाळी पुन्हा ताणायची. आज मात्र पातं लुळंच होतं.

"पात्या पात्या, ताठ हो! करवत नळी कापेना, नळी घुंगरू देईना, छुम छुम काही वाजेना!"

पातं म्हणालं, "चाक मला ताणेल, तर होईन."

टुणुक टुणुक.

"चाका चाका, पातं ताण! पातं ताठ होईना, करवत नळी कापेना, नळी घुंगरू देईना, छुम छुम काही वाजेना!"

चाक म्हणालं, "अंगात लोखंडाचा कीस अडकलाय. ब्रश मला झाडेल, तर ताणीन."

टुणुक टुणुक.

"ब्रशा ब्रशा, चाक झाड! चाक पातं ताणेना, पातं ताठ होईना, करवत नळी कापेना, नळी घुंगरू देईना, छुम छुम काही वाजेना!"

ब्रश म्हणाला, "मावशी मला उचलेल, तर झाडीन."

मावशी बसली होती स्टुलावर, गाल फुगवून.

"मावशी मावशी, ब्रश उचल! ब्रश चाक झाडेना, चाक पातं ताणेना, पातं ताठ होईना, करवत नळी कापेना, नळी घुंगरू देईना, छुम छुम काही वाजेना!"

मावशी म्हणाली, "कशी उचलू, बाई? पात्याचे दात केवढे धारेचे! मोज्याबिगर मी कशाला हात लावत न्हाई. काल हातमोजा इथंच ठेवला होता. तो मिळेल, तर उचलीन."

इटुकलीची शेपटी खाली.

हातमोजा कुठे होता? इटुकलीच्या बिळात! तिनेच ओढून नेला होता, गादी म्हणून. मऊ मऊ, ऊब ऊब. सगळा कारखाना त्या गादीपायी अडला होता.

इटुकली बिळात गेली. गादीकडे एकदा पाहिलं. मग ओढत आणली, फरफर फरफर.

"मावशी, मीच नेला होता."

"अस्सं होय!" म्हणाली मावशी.

मावशीने मोजा घातला, ब्रश उचलला. ब्रशने चाक झाडलं, खस खस. चाकाने पातं ताणलं, कुर्र कुर्र. पातं झालं ताठ. मावशीने बोटाने वाजवून पाहिलं, टण्ण! मग नळी हलवली. आत वाजलं, छुम!

"इथं हाय व्हय? मग जरा पलीकडं कापू."

करवतीने नळी कापली, घर्रर्र घर्रर्र. घुंगरू पडलं टपकन, साजरं, आख्खं!

मावशीने एक जुना मोजा पुढे केला. "हा घे गादीला. माझा नको नेऊस."

संध्याकाळी मावशीने पातं ढिलं केलं. पातं निजलं. इटुकली निजली जुन्या मोज्यात. कुशीवर वळली, की वाजायचं,

छुम.