रिकाम्या घरांचे मत

डोंगरउतारावरच्या एका रानात, ऐनाच्या झाडावर, एक खार आणि तिचा जोडीदार राहत असत. बातमी आली तो दिवस अगदी नेहमीसारखा होता. ओढा आटल्यामुळे जोडीदार सकाळीच खालच्या शेताकडे पाणी प्यायला गेला होता आणि खार बाभळीच्या शेंगा सोलत बसली होती. ऊन डोक्यावर आले तेव्हा एक होला फांदीवर येऊन बसला. तो म्हणाला, "ताई, शेततळ्यात पडला तो. मी वर तारेवरच होतो. निघता आलं नाही त्याला." खारीने मान हलवली. होला उडून गेल्यावर तिने उरलेल्या शेंगा सोलल्या, दोघांपुरत्या.

मुलांनो, शेततळे म्हणजे शेतात खणलेला मोठा चौकोनी खड्डा. पाणी मुरून जाऊ नये म्हणून त्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. माणसाच्या ते फार उपयोगाचे. पण ओल्या कागदावर नख ठरत नाही. काठ वीतभर वर दिसत असतो आणि पोहणारा पोहून पोहून दमतो.

या रानात एक शाळा होती. एक म्हातारा वानर तिथे गुरुजी होता. शाळेत कोणाला जावे लागत नसे. गुरुजी सकाळी कड्यावर बसून धडा सांगत, खालच्या झाडीतले सातभाई पक्षी तो ओरडून पुढच्या टेकडीवर पोचवत आणि तिथले सातभाई तिच्या पुढच्या. ज्याने त्याने आपल्या बिळात, आपल्या फांदीवर बसून शिकावे आणि धडा संपला की एक हुंकार द्यावा, एवढाच नियम. पण धडे जुने झाले होते. पलीकडच्या डोंगरावर एका कोल्ह्याने अशीच शाळा काढून रंगतदार धडे सुरू केले होते आणि इकडचे कान तिकडे वळू लागले होते.

तेव्हा गुरुजींनी खारीला बोलावले. ती झाडोझाडी फिरणारी आणि ऐकलेले न बदलता सांगणारी. "या उन्हाळ्यात तीन नवे धडे काढायचे आहेत," गुरुजी म्हणाले. "आपल्या मनाने धडे काढायचे दिवस गेले. घरोघर जा, कोणाला काय शिकायचं आहे ते विचार. एका जिवाचा एक चिंचोका. ज्या धड्याला जास्त चिंचोके, तो धडा. आणि हे बघ, विचारणाऱ्याने आपलं मत मध्ये आणायचं नाही."

तीनांपैकी एक धडा शेततळ्याचा असला पाहिजे, हे खारीच्या मनात त्याच क्षणी पक्के झाले. आपले मत सांगायला मनाई होती, पण एक प्रश्न जास्तीचा विचारायला नव्हती. म्हणून ती प्रत्येकाला शेवटी विचारू लागली, शेततळ्यावर पाणी कसे प्यावे याचा धडा काढला तर ऐकाल का?

मोराने नाचाचा धडा मागितला. तो आपणच शिकवू, आणि आखूड शेपटीवाल्यांनी उगाच नाव घालू नये, असेही त्याने सुचवले. रानडुकरिणीला आपल्या पिल्लांसाठी नक्षत्रांची ओळख हवी होती. शेजारची भेकरीण ऐकत होती, म्हणून हे तिने जरा मोठ्यानेच सांगितले. पिल्ले अंधार पडल्यापासून मान खाली घालून कंद उकरत असतात, हे मात्र सांगितले नाही. भेकरिणीनेही मग नक्षत्रेच मागितली. ससा लांब उडीच्या बाजूचा होता. त्याला ती येत होती, पण इतरांनी शिकायला हवी असे त्याचे म्हणणे पडले. शेततळ्याचे नाव निघताच तो हसू लागला. "अहो खारुताई, पाणी प्यायला कसली आलीये शाळा? मी रोज तिथेच पितो. मला काय झालंय?"

सगळ्यांचे उत्तर थोड्याफार फरकाने हेच होते. मुंगूस तिथेच पीत होते, ठणठणीत होते. भेकरीणही ठणठणीत होती. वाटेत काही घरांतून खारीने हाक मारली तर ओ आली नाही. दोन बिळे, तीन ढोल्या, खडकाखालची उदमांजराची कपार आणि घाणेरीच्या जाळीतली एक जागा, अशी सात घरे. विचारायला कोणी नव्हते, म्हणून चिंचोकाही नव्हता. दिवसभर तारेवर बसणाऱ्या होल्याला तिने या सातांबद्दल विचारले. त्याने सातही वेळा मान खाली घातली.

पळसाच्या पानांवर चिंचोके मांडले गेले. नक्षत्रांच्या पानावर ढीग झाला, उडी आणि नाच त्यामागोमाग. शेततळ्याचे पान कोरे होते.

"गुरुजी, सात घरं रिकामी होती," खार म्हणाली.

"मग पुन्हा जाऊन ये. सापडतील."

"ते आता घरी नसतात. शेततळ्यात गेले."

रान सुकले की पलीकडे निघून जाणारे पुष्कळ असतात, असे गुरुजी म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिले. "बरं, गेले असं धरू. पण जो नाही त्याचं मत मी कोणाच्या शब्दावर मांडू? आज तू सात चिंचोके ठेवशील, उद्या मोर सत्तर ठेवेल."

बोलणे रास्त होते. खारीजवळ एक उत्तर होते आणि ते तिच्या स्वतःच्या घरातले होते. पण विचारणाऱ्याने आपले काही मध्ये आणायचे नाही असे ठरले होते, आणि असले सांगून काही मागावे हे तिला जमण्यासारखेही नव्हते. तिने चिंचोके गोळा केले आणि ती घरी गेली.

नवे धडे गाजले. सातभाईंचे घसे बसले. कोल्ह्याकडे गेलेले परत आले आणि हुंकार दुप्पट झाले. गुरुजी खूश होते. पण वैशाख लागला तसे हुंकार गळू लागले. आज एक कमी, परवा दोन. धडा कंटाळवाणा झाला की काय, अशी शंका गुरुजींना आली. कारण विचारायला ते खारीला घेऊन स्वतःच निघाले.

सशाच्या जागेशी त्यांनी हाक मारली. शेजारून मुंगूस बाहेर आले आणि म्हणाले, "तो परवा पाणी प्यायला गेला." पुढच्या बिळाशी तेच. त्याच्या पुढच्याही. संध्याकाळपर्यंत गुरुजी जुनी सात धरून एकोणीस घरांशी उभे राहिले. धड्याला कंटाळलेला एकही जण त्यांना भेटला नाही.

त्याच रात्री खारीच्या सांगण्यावरून त्यांनी तारेवरच्या होल्याला गाठले. होल्याने त्यांना एका घोरपडीकडे नेले. शेततळ्यात पडून बाहेर आलेली तेवढी एकच होती. कोपऱ्यातला पाइप धरून आले, असे तिने सांगितले.

"अगं, मग आधी बोलली का नाहीस?" गुरुजी म्हणाले.

"तुमची खार आली होती की. काय शिकायचंय ते तिने विचारलं. शेततळ्याचा धडा ऐकाल का, तेही विचारलं. काय येतं, ते कुठे विचारलं?"

दुसऱ्या दिवशी कड्यावरून धडा निघाला. पाणी प्यायला पाइपाच्या कोपऱ्यातच उतरा. घसरलात तर समोरचा काठ चढू बघू नका, कडेकडेने पोहत पाइपापर्यंत जा. धडा लहान होता आणि रंगतदार मुळीच नव्हता. त्या उन्हाळ्यात हुंकार पुढे कमी झाले नाहीत.

मग गुरुजींनी मोजणी पुन्हा मांडायला सांगितली, या वेळी रिकाम्या घरांसकट. खारीने शेततळ्याच्या पानावर एकेक करून एकोणीस चिंचोके ठेवले. शेततळ्याचा प्रश्न तिने मुळात का विचारला होता, ते गुरुजींनी विचारले नाही. ऐनाच्या झाडावरचे घर रिकामे नव्हते, त्यामुळे ते मोजणीत आले नाही. त्या घरचा चिंचोका तिने मांडला नाही.

तात्पर्य : काय हवे ते लोकांना विचारूनच ठरवावे, पण उत्तर द्यायला जे उरलेच नाहीत त्यांची गरज धरल्याशिवाय मोजणी पुरी झाली असे समजू नये.