रेडिएटरमधली हळद

"अजून काय शिकायचं राहिलंय माझं? तेवढं तरी सांगा, उस्ताद."

दस्तगीर उस्तादांनी बशीतला चहा फुंकला.

घाटाच्या पायथ्याला असलेल्या त्यांच्या गॅरेजात एक रीत होती. शिष्य तयार झाला, की उस्ताद आपल्या पेटीतला एक पाना त्याच्या हातावर ठेवायचे. तो पाना मिळाल्याशिवाय स्वतःचं दुकान काढायची छाती त्या पट्ट्यात कुणाची झाली नव्हती. बिरूनं मात्र आधीच फाट्यावर गाळा बघितला, पाटी रंगवून घेतली आणि गावभर सांगूनही टाकलं. आता पानाच मिळेना, म्हणून बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

"उस्ताद, काहीतरी बोला की..."

तेवढ्यात घाटातून प्रवासी नेणारी शिवमूर्तीची वडापची जीप वाफा सोडत दारात येऊन थांबली. माणसं कुरकुरत खाली उतरली. रेडिएटर पार चोंदला होता.

"रेडिएटर बदल," उस्ताद म्हणाले. "मग बोलू."

"एवढंच?"

उस्तादांनी पुन्हा बशी तोंडाला लावली.

बिरूला हसूच आलं. इंजिन गार होईपर्यंत तो कसाबसा थांबला, मग जुना रेडिएटर उतरवला आणि नवा बसवला. हात चलाख होता त्याचा, खोटं कशाला बोला! पाणी भरलं, झाकण लावलं, इंजिन चालू केलं आणि खांद्यावर फडकं टाकून नवरदेवासारखा उभा राहिला.

"झालं, उस्ताद."

उस्ताद उठले. इंजिनातून रेडिएटरला दोन पाइप जातात, एक वरून आणि एक खालून. त्यांनी वाकून खालच्या पाइपवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले...

"तू ठेव हात."

बिरूनं ठेवला. "गार आहे."

"आणि वरचा?"

वरच्या पाइपला बोट लागताच त्यानं हात झटकला. "भाजतोय!"

"नवा रेडिएटर, नवं पाणी... आणि पाणी तर जागचं हलत नाही."

बिरूनं धावत जाऊन इंजिन बंद केलं. त्याचा चेहरा उतरला होता. काय झालं असेल ते त्याला हळूहळू उमगत गेलं.

गेल्या महिन्यात हीच जीप घाटात गळायला लागली होती. बिरू मदतीला गेला आणि त्या वाटेवरचे ड्रायव्हर करतात तेच त्यानं केलं. मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकली. हळद भोकात जाऊन बसते, गळती थांबते, गाडी घरी पोचते. पण घरी पोचल्यावर ती सगळी धुऊन काढायची, हा उस्तादांचा दंडक. त्या दिवशी शिवमूर्तीनं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, "तुझ्या हाताला गुण आहे बघ!" आणि त्या कौतुकात धुवायचं राहून गेलं. उस्तादांना तर त्यानं सांगितलंही नव्हतं.

इंजिन निवल्यावर त्यानं पाण्याची वाट उघडणारा वॉल्व्ह काढला. तो पिवळ्या चिखलानं लिंपलेला होता. गॅरेजभर हळदीचा वास सुटला. बिरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं तो घासून लख्ख केला.

बिरूनं नळाची नळी जोडली आणि इंजिन धुवायला घेतलं. फरशीवर पिवळं पाणी वाहत राहिलं. उस्ताद "बास" म्हणाले नाहीत. बिरूनंही विचारलं नाही. पाणी नितळ यायला लागल्यावरसुद्धा तो आणखी थोडा वेळ धूत राहिला.

मग सगळं जोडून त्यानं इंजिन चालू केलं. या वेळी फडकं खांद्यावर नव्हतं. तो वाकला आणि खालच्या पाइपवर तळहात ठेवून थांबला.

गार.

अजून गारच...

आणि मग पाइप कोमट झाला.

आत कुठंतरी दार उघडलं होतं आणि पाणी चालायला लागलं होतं. वरून रेडिएटरमध्ये, तिथून खाली, खालून पुन्हा इंजिनात. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण तळहाताला सगळं कळत होतं. इतकी वर्षं तो रेडिएटर बदलत आला होता आणि हे पाणी त्याला आज पहिल्यांदा भेटत होतं. त्याच्या अंगावर काटा आला. हात काढून घ्यावासा वाटेना.

"उस्ताद... तुम्हाला दर वेळी असं होतं?"

"दर वेळी."

"अजून?"

उस्ताद नुसते हसले.

बिरू खाली बघत म्हणाला, "हळद मीच घातली होती. धुवायची राहिली."

उस्तादांनी इंजिन बंद केलं.

"मला पाना नको, उस्ताद. पाटी उतरवून ठेवतो. राहू द्या मला अजून तुमच्याजवळ."

उस्तादांनी पेटी उघडली. मूठ धरून धरून गुळगुळीत झालेला एक पाना शोधला आणि बिरूच्या ऊन ऊन तळहातावर ठेवला. मग खाली वाकून फरशीवरचा पिवळा चिखल बोटावर घेतला आणि त्याच्या कपाळाला लावला.

"नव्या दुकानाला हळद लागतेच, पोरा. हीच घेऊन जा."