डावं अंगण

पाहुणे, बसा जरा सावलीत. एक विचारतो. घरात कोण राबतं हे ठरवताना तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल, बोलणाऱ्या तोंडावर की झालेल्या कामावर? उत्तराची घाई नको. हे समोरचं अंगण बघा. घर नाही, कुडाची भिंत नाही, नुसतं सारवलेलं अंगण. तेही वाकडंतिकडं. आमच्या करंजुल्यात याला डावं अंगण म्हणतात.

असं सांगतात, की इथे सुभाना नावाचा मिठाचा व्यापारी राहायचा. दिवाळी झाली की बैलांवर गोण्या लादून निघायचा, तो थेट चैत्रात परतायचा. घरी बायको गोजरा आणि विधवा बहीण वेणाक्का. गोजरा डावखुरी होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूने तिच्या डाव्या हातावर लाटणं मारलं आणि शपथ घातली, "चारचौघांत हा हात शेणाला लावायचा नाही. तुळशीचं अंगण आहे." सुभाना तेव्हा तिथेच जेवत होता. त्याने घास काही थांबवला नाही.

एका चैत्रात तो आला तर अंगण आरशासारखं. वेणाक्का म्हणाली, "दादा, माझी कंबर मोडली रे. तुझी बायको नुसती बसून असते."

"मी सारवलंय, धनी," गोजरा एवढंच म्हणाली.

"मग दाखव सारवून."

शेजारणी कुडाशी जमल्या. चारचौघांतल्या त्या शपथेला बांधलेल्या गोजराने उजवा हात शेणात घातला. बोटांच्या कमानी वाकड्या आल्या, कुठे गोळा, कुठे उघडी माती.

"अगंबाई, हे सारवण की म्हशीची वाट?" एकजण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. सुभानाला ते हसू झोंबलं. मीठ रतीभर इकडेतिकडे न करणारा तो माणूस, पण त्याने दुसरं पारडं पाहिलंच नाही. म्हणाला, "जा माहेरी. हात शिकलीस की ये."

ती गाठोडं घेऊन निघाली.

मग वेणाक्कानेच अंगण सारवलं. वैशाखाचं ऊन लागलं, पोपडे उठले. सुभाना एक पोपडा हातात घेऊन बघत राहिला. वरचा थर वेणाक्काचा, उजव्या हाताचा. त्याखाली गोजराचा त्या दिवशीचा वाकडा. त्याखालच्या कमानी मात्र उलट वळणाच्या, डाव्या हाताच्या. त्याखालचाही डाव्या. तो नखांनी खरवडत गेला, म्हणे, बोटं रक्ताळली तरी. दिवाळीपासूनचे सगळे थर निघाले, साऱ्या कमानी डाव्या हाताच्या. दारात वेणाक्का उभी होती. त्याने मान वर केली, तशी ती आत गेली.

तो तसाच सासुरवाडीला धावला. सासरा ओट्यावर दोर वळत होता.

"गोजराला न्यायला आलो, मामा."

म्हाताऱ्याचे हात थांबले. "न्यायला? ती आली कधी?"

परतताना तिला शोधत तो वाटेवरच्या खिंडीतल्या झऱ्याकडे वळला. पळसाखाली जमिनीवर परातीएवढी सारवलेली ठिगळं होती, एकापुढे एक. रानातलं शेण, झऱ्याचं पाणी. पहिली वाकडी. मधली बरी. सगळी उजव्या हाताची. शेवटचं ठिगळ असं गुळगुळीत, की त्यावर पळसाचं एक फूल पडलं होतं ते ठेवल्यासारखं दिसत होतं. त्याच्या शेजारी गोजरा कुशीवर निजली होती. उजवा हात कोपरापर्यंत शेणाने माखलेला, वाळून भेगाळलेला. उन्हाने, उपासाने की लाजेने गेली, ते कुणी सांगत नाही.

सुभानाने पुन्हा मिठाची गोणी उचलली नाही. राहिलेल्या आयुष्यात रोज तो हे अंगण डाव्या हाताने सारवत राहिला. त्याला ते कधीच जमलं नाही.

आजही अक्षय्य तृतीयेला करंजुल्याचे पुरुष इथे डाव्या हाताने सारवतात. वाकडं होतं, शेण कोपरापर्यंत येतं. बायका काठावर उभ्या असतात, पण हसत कुणी नाही.

तेव्हा पाहुणे, घरी गेलात की एवढं करा. वाकून अंगण बघा, चुलीमागे बघा, हंडा कुणी भरला ते बघा. आणि कुणाचा हात कुठे झिजला, तो हिशेब खरा ठेवा.